कापसाचा भाव आणि माणसाचें मोल

आपल्या अंगांतील सदऱ्याचा कापूस कोठून आला, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांत याच प्रश्नाशीं अमेरिका, इंग्लंड व हिंदुस्थान या तिन्ही देशांतील लक्षावधि लोकांचें सुखदुःख बांधलेलें होतें. तें कसें, हें आमच्या विद्यार्थी वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

इ. स. १७९३ सालीं एली व्हिटने या अमेरिकन तरुणानें कापसांतील सरकी वेगळी काढण्याचें यंत्र तयार केलें. यंत्रानें श्रम वांचतात, तेव्हां गुलामांची गरज कमी होईल, असें कोणासही वाटावें. घडलें तें नेमकें उलट! सरकी काढणें सोपें होतांच कापसाची शेती किफायतीची झाली; दक्षिणेकडील जमीनदारांनीं नवे नवे मळे काढिले, आणि खुरपणी व वेंचणी यांसाठीं अधिकाधिक माणसें राबविलीं जाऊं लागलीं. १७९० सालीं त्या देशांत सुमारें ७ लक्ष गुलाम होते. १८६० सालीं ते जवळजवळ ४० लक्ष झाले.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या मुख्यतः याच कापसावर चालत. त्या बंद पडल्या आणि हजारों कुटुंबांवर उपासमारीची पाळी आली. सर्वच मजूर एका मताचे होते असें नव्हे. तथापि ३१ डिसेंबर १८६२ रोजीं मँचेस्टर येथें भरलेल्या सभेंत मजुरांनीं गुलामांच्या मुक्ततेस पाठिंबा देणारें पत्र अध्यक्ष लिंकन यांस धाडिलें. लिंकननीं पुढील महिन्यांत त्यांस कृतज्ञतेचें उत्तर पाठविलें.

इकडे मुंबईंत मात्र दिवाळी होती. अमेरिकेचा कापूस येईना, म्हणून आमच्या कापसाचे भाव भडकले. पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या आणि शेअरांचा सट्टा माजला. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या व प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनाढ्यांचेंही दिवाळें वाजलें.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. पुढें १८७३ सालीं पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें.

विद्यार्थीमित्रांनो, एकाच युद्धाकडे पाहून मुंबईच्या सट्टेवाल्यांनीं कापसाचा भाव मोजला. मँचेस्टरच्या उपाशी मजुरांनीं व जोतीरावांनीं माणसाचें मोल ओळखलें. बाजारांत स्वस्त वस्तु हातीं घेतांना, तिची उरलेली किंमत कोणी दिली असेल, एवढा विचार आपण करूं लागलों, तर इतिहासाचा अभ्यास व्यर्थ गेला नाहीं असें आम्ही समजूं.