उकिरडा वाचायचा कसा? ८०० वर्षांपूर्वीच्या कचऱ्याची लॉग फाइल

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. आइसलँडमधल्या काही उकिरड्यांना मात्र ८००-९०० वर्षं वाट पाहावी लागली! मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, रोज सर्व्हरचे लॉग वाचतो. या उत्खननाबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपलंच काम, फक्त हाडांवर चाललंय.

प्रश्न काय होता?

उत्तर आइसलँडमध्ये एयाफ्योर्दुर नावाची लांबलचक खाडी आहे. तिच्या काठावर गासिर हे मध्ययुगातलं व्यापाराचं ठिकाण होतं. उन्हाळ्यात नॉर्वेकडून जहाजं यायची, तात्पुरत्या खोपट्यांत बाजार भरायचा आणि थंडीआधी सगळे परत जायचे. २००१ ते २००६ मध्ये इथे उत्खनन झालं. गंधक सापडलं, शिकारी ससाण्यांची हाडं सापडली. युरोपात या दोन्हींना चांगली किंमत होती.

पण बाजारातली माणसं खात काय होती? कचऱ्यात ऐन वयातल्या, चांगलं मांस असलेल्या गुरांची हाडं निघाली. दूधदुभत्यावर चालणाऱ्या शेतावर असं सहसा दिसत नाही. तिथे एक तर अगदी लहान वासरांची हाडं मिळतात, नाहीतर म्हाताऱ्या गाईंची. म्हणजे ही धट्टीकट्टी जनावरं बाहेरून येत होती.

आता विचार करा, अॅपमधून ऑर्डर जात नसेल तर फक्त सर्व्हरचा लॉग पाहून भागतं का? फोनकडचा लॉगही लागतो. इथेही तेच केलं. रमोना हॅरिसन आणि त्यांचे सहकारी बाजारातून उठून शेजारच्या हॉर्गाउ नदीच्या खोऱ्यात गेले आणि स्कुग्गीसारख्या शेतवस्त्यांचे उकिरडे तपासले. बाजारात जे जास्त दिसतं, ते शेतावर कमी आहे का? दोन्ही ढीग शेजारी ठेवले तरच देवाणघेवाण कळते.

तारीख कुठे लिहिलेली असते?

उकिरड्यात नवा कचरा जुन्यावर पडत जातो. म्हणजे खालची नोंद जुनी, वरची नवी. शिवाय आइसलँडमध्ये ज्वालामुखीच टाइमस्टँप मारून जातो. हेक्ला ज्वालामुखी ११०४ मध्ये फुटला, तेव्हाची फिकट राख उत्तरेकडे दूरवर पसरली. तो थर सापडला, की त्याखालचं सगळं ११०४ च्या आधीचं.

राख नसेल तिथे हाडातल्या कार्बनवरून वय काढतात. पण मासळीचं घड्याळ मागे असतं! समुद्रातला कार्बन मुळातच जुना असल्यामुळे मासा साधारण ४०० वर्षं जास्त जुना वाटू शकतो. म्हणून शक्यतो गाई-मेंढीचं हाड निवडतात.

जे नाही, तेही बोलतं

माती ४ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात, नाहीतर माशांची बारीक हाडं निसटतात. याच भागात, समुद्रापासून दूर मिवात्न तलावाजवळच्या जुन्या शेतांवर कॉड जातीच्या माशांची हाडं मिळाली, पण डोक्यांची फारच कमी. कारण? डोकी किनाऱ्यावरच छाटली आणि सुकवलेली मासळी आत आली. नसलेल्या हाडांवरून एक अख्खी सप्लाय चेन कळते.

घाई का करायची?

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला, की तो कधी आणि कुठे काढला ही माहिती त्यातून गळून जाते. फोटो राहतो, संदर्भ जातो. थरातून नोंद न करता उपसलेलं हाडही तसंच. आणि उत्खननाला अन्‌डू बटण नसतं. एकदा खणलेला थर परत रचता येत नाही. म्हणून प्रत्येक थराचं रेखाटन, मोजमाप आणि फोटो काढूनच पुढे जातात.

न खणता ठेवलं तरी धोका आहेच. वारा आणि लाटा जमीन खातात. ग्रीनलंडमध्ये गोठलेली जमीन वितळतेय, तिथल्या जुन्या उकिरड्यांतली हाडं आणि लाकूड कुजायला लागलंय. सर्व्हर बंद पडतोय आणि बॅकअप नाही, अशी ही अवस्था.

बॅकअप नाही हे अक्षरशः खरं आहे. आइसलँडच्या जुन्या सागांमध्ये सरदार आणि त्यांची भांडणं भरपूर आहेत. पण स्कुग्गीसारख्या छोट्या शेतावर गुरं राखणाऱ्या, राख काढणाऱ्या बाईचं नाव कुठे आहे? तिने रोज उकिरड्यावर जे टाकलं, तेवढीच तिची नोंद. तीही पुसली गेली, तर ती माणसं दुसऱ्यांदा हरवतील.