खारभूमीतील भात आणि पेशींचा नियोजित मृत्यू

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पेण, अलिबाग व पनवेल या तालुक्यांत समुद्राचे पाणी बांधाने अडवून जी भातखाचरे काढलेली आहेत, त्यांस खारभूमी किंवा नुसते ‘खार’ म्हणतात. पावसाळ्यात ही खाचरे पाण्याने भरलेली असतात. पाण्यातून ऑक्सिजनचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद होतो. अशा चिखलात भाताची मुळे श्वसन कशी करतात?

मुळाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला म्हणजे उत्तर दिसते. मध्यत्वचेत पेशींच्या जागी लांबट पोकळ्या असतात. तेथील पेशी कुजलेल्या नसतात. एथिलीन वायूच्या संकेताने त्यांनी ठरावीक क्रमाने आपले विघटन केलेले असते. पानांकडून आलेली हवा या पोकळ्यांतून मुळाच्या टोकाकडे उतरते. वायूतक नावाचे हे ऊतक भातात एरव्हीही थोडेफार बनते. पाणी साचल्यावर ते वाढते.

प्राण्यांतील अशा शिस्तबद्ध पेशीमृत्यूस केर, वायली व करी यांनी १९७२ साली ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. वनस्पतींस ते जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. प्राण्यांत मृत पेशीचे तुकडे इतर पेशी गिळतात. वनस्पतिपेशीभोवती भित्ती असल्याने तिचे पचन तिच्याच रिक्तिकेतील एंझाइमांना करावे लागते. ‘आत्महत्या’ हा शब्द तर अधिकच दिशाभूल करणारा आहे, कारण मरणारी पेशी आणि लाभ घेणारे रोप येथे एकच होत.

पेशी स्वतः न मरताही आपलाच अंश पचवू शकते. या क्रियेस द दूव्ह यांनी १९६३ साली ‘ऑटोफॅजी’ म्हटले. तिची जनुके यीस्टमध्ये शोधणाऱ्या ओहसुमींना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भात निसवल्यावर खालची पाने पिवळी पडतात ती केवळ जीर्ण झाल्यामुळे नव्हे. पानातील बहुतांश नायट्रोजन हरितकणांत असतो. त्यांतील प्रथिने रिक्तिकेत नेऊन पचविली जातात आणि ॲमिनो अम्ले लोंबीकडे जातात. या क्रियेचे एक जनुक निकामी केलेल्या भातात हे हस्तांतर मंदावते. एवढेच नव्हे, तर परागही नीट पक्व होत नाहीत.

बांधाला खांड पडून भरतीचे पाणी शिरले की हा हिशेब बिघडतो. शोषलेले सोडियम रोप बरेचसे जुन्या पानांत साठवते व कोवळी पाने वाचविते. परंतु क्षार अतोनात झाले तर जुने पान आपले द्रव्य परत देण्यापूर्वीच जळून जाते. ‘राता’सारखे जुने स्थानिक वाण आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-१, २ व ३ यांचे महत्त्व येथे आहे.

करपा रोगात दोन्ही पक्ष हेच शस्त्र वापरतात. प्रतिकारक्षम भाताच्या आक्रांत पेशी झटपट मरतात आणि कवकाचा मार्ग खुंटतो. उलट, पानावर रुजलेला कवकाचा तीन पेशींचा बीजाणू ऑटोफॅजीने स्वतःस संपवून आपले सत्त्व पानात घुसणाऱ्या अवयवास देतो. ती क्रिया बंद पाडल्यास कवकास पानात शिरता येत नाही, हे २००६ साली दाखविण्यात आले.