तारीख उलटल्यावर
डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला नेमकी प्रसूती होते ती शंभरांतल्या चार-पाच जणींचीच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून ही तारीख काढतात. पाळी अनियमित असेल तर हिशेबच चुकतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नये. तारीख पक्की नसेल तर पुढचे सगळे निर्णय डळमळतात.

चाळीस आठवडे झाले म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र एक्केचाळीसनंतर वारेची क्षमता कमी होऊ लागते, गर्भजल घटू शकतं, बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते. थांबावं की कळा आणाव्यात? स्वीडनमध्ये 2016 ते 2018 दरम्यान सुमारे 2,760 स्त्रियांवर याचा अभ्यास झाला. एका गटाला एक्केचाळीस आठवड्यांना कळा आणल्या, दुसरा बेचाळीसपर्यंत थांबला. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, कळा आणलेल्या गटात एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. सिझेरियनचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. ‘कळा आणल्या की सिझर ठरलेलंच’ ही आपल्याकडची भीती म्हणूनच मला फार घातक वाटते.

कळा आणण्यासाठी गर्भाशयाचं तोंड मऊ करणारी औषधं किंवा फुग्याची नळी वापरतात, गरज पडल्यास सलाइनमधून ऑक्सिटोसिन देतात. हे रुग्णालयातच, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून करायचं. एरंडेल वगैरे घरगुती उपाय कृपया नकोत. आणि बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.