सोनेरी जंतूच्या पटलातले ठिपके

1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी पेशीपटलाचं चित्र मांडलं: लिपिडांचा दुहेरी थर आणि त्यात मोकळेपणी सरकणारी प्रथिनं. जीवाणूचं पटल तर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचं. त्यात आणखी कसली आखणी असणार, असाच बराच काळ समज होता.

तो खरा नव्हता. ई. कोलायच्या पेशीत कार्डिओलिपिन हे लिपिड दोन्ही टोकांशी जास्त आढळतं. 2010 मध्ये लोपेझ आणि कोल्टर यांनी बॅसिलस सबटिलिसमध्ये काही प्रथिनं पटलभर न पसरता ठरावीक ठिपक्यांत गोळा होतात, हे दाखवलं.

याचं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण मात्र एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याच्या वसाहतींना सोनेरी रंग देणारं स्टॅफिलोझँथिन हे रंगद्रव्य अशा ठिपक्यांच्या घडणीत लागतं. पेनिसिलिनला न जुमानता पेशीभित्तिका बांधत राहणारं पीबीपी-2ए हे प्रथिनही तिथेच एकत्र येतं. ठिपके विस्कटले की त्याची जुळणी बिघडते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्टॅटिनसारख्या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनी हे ठिपके मोडले आणि एमआरएसएची लागण झालेल्या उंदरांवर पेनिसिलिन पुन्हा लागू पडलं. नवं प्रतिजैविक न शोधता जुन्यालाच धार आणण्याची ही वाट मला फार मोलाची वाटते.

पण हे निष्कर्ष उंदरांवरचे आहेत. त्यांच्या भरवशावर कोणीही स्टॅटिन किंवा प्रतिजैविक आपल्या मनाने घेऊ नये.