मिठाचा खडा आणि त्यावरील आयोडीन

उज्जैनसारख्या समुद्रापासून दूर वसलेल्या नगरात पोचणारे मीठ बराच प्रवास करून आलेले असते. देशातील बहुतांश मीठ गुजरातच्या मिठागरांत पिकते. या प्रवासात मिठातील आयोडीन टिकते की नाही, हे मिठाच्या खड्याची अंतर्रचना पाहिल्यावाचून नीटसे उमगत नाही.

शुद्ध मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. भिंगाखाली त्याचे कण चौकोनी घनाच्या आकाराचे दिसतात. त्यामागील रहस्य १९१३ साली इंग्लंडमध्ये लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडले. धनभारित सोडियम व ऋणभारित क्लोरीन हे बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणे, परंतु तिन्ही दिशांनी, आळीपाळीने बसलेले असतात. प्रत्येकाला विरुद्ध भाराचे सहा शेजारी. सोडियम-क्लोरीनची स्वतंत्र जोडी अशी त्यात नाहीच. हा विचार इतका नवा होता की १९२७ सालीही आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून त्यावर टीका केली!

या घट्ट मांडणीत परक्या कणास सहसा थारा मिळत नाही. मिठागरात पाणी आटून खडे धरू लागतात, तेव्हा मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. ते पाणी वेळीच सोडून दिले नाही, तर खड्यांना चिकटून येते. पावसाळ्यात बरणीतील मिठास पाणी सुटते, ते मुख्यत्वे या क्षारांमुळे.

आयोडीनही बाहेरचेच. तयार मिठावर पोटॅशियम आयोडेटचे द्रावण फवारतात. आयोडाइडपेक्षा ते दमट हवेत अधिक टिकते. तथापि ते खड्याच्या आत शिरत नाही, पृष्ठभागावरच राहते. मीठ ओलसर झाले की ते विरघळून गोणीच्या तळाकडे उतरते.

आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. परंतु आयोडीनचा अभाव केवळ गळ्याची गाठ वाढवून थांबत नाही. गर्भातील बालकाच्या मेंदूची वाढही त्याने खुंटते. म्हणून घरी पोचलेल्या मिठात दशलक्ष भागांस किमान १५ भाग आयोडीन असणे आवश्यक मानले जाते.

गृहिणींनी मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीच्या वाफेपासून दूर ठेवावे. खडे मीठ धुऊन वापरण्याची रीत काही घरांत आहे, ती मात्र सोडून द्यावी. त्या धुवणाबरोबर सर्वांत आधी आयोडीनच वाहून जाते.