‘नीस’, ‘करणी’ आणि ‘कर’ : आडनावांच्या घडणीविषयी थोडेसे

सीमाभागातील एका शाळेत मराठी शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला वर्गाबाहेर गाठून एक प्रश्न विचारला होता. मुलाचे आडनाव कुलकर्णी, घरची बोली कानडी, शाळा मराठी. गावातल्या सभेत कोणा वक्त्याने त्या भागातील आडनावांची लांबलचक यादी वाचून ‘ही मंडळी मूळची आमचीच’ असा निष्कर्ष काढला होता. पुढे पंधरवड्याने दुसऱ्या पक्षाच्या वक्त्याने जवळजवळ तीच यादी वाचली आणि निष्कर्ष मात्र नेमका उलट काढला. ‘मग सर, आम्ही कोणाचे?’ असे त्या मुलाने विचारले. त्या वेळी मी दिलेले उत्तर पुरेसे नव्हते याची रुखरुख मला आजही आहे. ते आता जरा सविस्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘आडनाव’ हा शब्दच पाहावा. ‘आडवाट’, ‘आडबाजू’ या शब्दांत जो ‘आड’ आहे तोच येथे आहे. हमरस्ता निराळा आणि आडवाट निराळी, तसे खरे नाव निराळे आणि आडनाव निराळे. आपले पूर्वज स्वतःचे व बापाचे नाव हेच खरे नाव समजत. त्याच्या बाजूला जे चिकटे ते सोयीपुरते असे, आणि सोय पालटली की तेही पालटे. शिवछत्रपतींचे चरित्र १६९७ च्या सुमारास लिहिणारे कृष्णाजी अनंत हे आपल्याला ‘सभासद’ म्हणून परिचित आहेत. पण सभासद हा त्यांचा दरबारातील मान होय. बाळाजी आवजी मूळचे चित्रे. चिटणिशी मिळाली आणि घराणे चिटणीस झाले. नाना फडणीस तर भानू. परंतु भानू हे नाव आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणाच्या ओठी येते? पेशव्यांचे ‘भट’ हे उपनामही असेच हुद्द्याखाली झाकले गेले. रामचंद्रपंतांना हुद्द्यावरून अमात्य म्हणावे की स्थळावरून बावडेकर म्हणावे, हे तर लिहिणाराच्या मर्जीवर राहिले आहे. सारांश, एकाच घराण्याला दोन-दोन, तीन-तीन आडनावे असणे हा अपवाद नव्हता. हुद्दा वंशपरंपरेने वतन म्हणून चालू लागला तेव्हाच आडनावही स्थिर झाले.

आता ‘नीस’कडे वळू. फारसीत ‘नविश्तन्’ म्हणजे लिहिणे. त्यापासून झालेले ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. आपल्या बोलण्यात त्याचा ‘नीस’ झाला. चिठ्ठी हा शब्द देशी आणि नवीस फारसी. या दोहोंचा चिटणीस झाला. जमेची बाजू लिहिणारा तो जमेनीस, आणि घडलेल्या गोष्टींची नोंद, म्हणजे ‘वाका’, ठेवणारा तो वाकनीस. राजाचा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. ऐतिहासिक कागदपत्रांच्या संग्रहासाठी आयुष्य वेचणारे दत्तात्रेय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांचे आडनावच जणू त्यांच्या कार्याची वर्दी देत होते. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे एकमेकांवर नजर ठेवून असत. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हिशेब व हजेरी आणि कारखानिसाकडे धान्यादी सामग्रीचे कोठार अशी ती वाटणी होती. पोतनीस व पोतदार ही खजिन्याच्या ‘पोत्या’वरून आलेली नावे. फडणिसांविषयी मात्र मतभेद आहे. ‘फर्द’ म्हणजे कागदाचा ताव अथवा याद, तिच्यावरून ‘फर्दनवीस’ असे एक मत. आपल्या ‘फड’ या शब्दावरून, म्हणजे कचेरीवरून, असे दुसरे. पेशव्यांच्या कारभारात ‘हुजूर फड’ हा शब्द इतका रुळलेला होता की, मूळ ‘फर्द’ असले तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ‘फड’च ऐकू येत असावा, असे मला वाटते.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे देण्यात आली व ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री झाला, सुरनिसाचा सचिव झाला. गंमत अशी की दरबारात संस्कृत नावे चालू झाली तरी घराघरांतून फारसी नावेच टिकली. आज मुजुमदार शेकड्यांनी भेटतात. आडनाव म्हणून अमात्य लावणारा विरळा.

आता ज्या शब्दाने हा सारा विचार सुरू झाला तो ‘कुलकर्णी’, किंवा जुन्या वळणाने ‘कुळकर्णी’. येथे फारसीचा संबंध नाही. संस्कृतात ‘करण’ म्हणजे लेखक, लिहिणारा अधिकारी. तेलुगू व तमिळ मुलखात गावचा हिशेबनीस तो ‘करणम्’. तोच शब्द आपल्या ‘करणी’त आहे. ‘कुळ’ म्हणजे येथे गोत्र अथवा खानदान नव्हे, तर सारा भरणारे खातेदार घर. ‘कुळकायदा’ म्हणताना आपण याच अर्थाने हा शब्द वापरतो. तेव्हा कुळांचा हिशेब लिहिणारा तो कुळकर्णी. ‘कुळाला भूषणभूत’ असा अर्थ सांगणारे कोणी भेटतात. त्यांच्या कुळाभिमानाला नमस्कार करावा आणि पुढे जावे.

याच ‘करणी’ची दुसरी जोडी कानडीशी जुळते. कानडीत ‘नाडु’ म्हणजे प्रदेश, आपण ज्याला ‘देश’ अथवा परगणा म्हणू तो. नाडाचा हिशेब लिहिणारा नाडकर्णी आणि नाडाचा मुख्य तो नाडगौडा. म्हणजे आपल्याकडे देशमुख आणि देशपांडे यांचे जे नाते, तेच तिकडे नाडगौडा आणि नाडकर्णी यांचे. गावच्या पातळीवर आपला पाटील तो कानडीत गौड, आणि आपला कुलकर्णी तो शानभोग. एकाच यंत्रणेला दोन भाषांनी दिलेली ही दोन नावे. ज्या मुलखावर राज्ये वारंवार पालटली तेथे दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदली, मिसळली आणि मूळ भाषेची हद्द ओलांडून गेली. म्हणूनच निम्मे कानडी असलेले नाडकर्णी हे आडनाव कारवार-गोव्याकडील कोकणी-मराठी घरांत दिसते आणि ज्ञानेश्वर नाडकर्णी मराठीचे समीक्षक होतात. उलट पाटील, देशपांडे, कुलकर्णी ही आडनावे धारवाड-विजापुराकडे ज्यांच्या घरात मराठीचा शब्द नाही अशा कुटुंबांतही सर्रास आढळतात. तेलंगणातही देशमुख आणि देशपांडे आहेत, ते तेलुगू बोलतात. कानडी कादंबरीकार शंकर मोकाशी पुणेकर (१९२८–२००४) यांच्या नावात तर लष्करी चाकरीबद्दल मिळणारा ‘मोकासा’ही आहे आणि पुणेही आहे. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कानडीचे श्रेष्ठ कवी ठरले व १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कानडी काव्याबद्दल मिळाला. अशा स्थितीत आडनावांची यादी वाचून मातृभाषा ठरविणे म्हणजे दरवाजावरील पाटी वाचून घरात काय शिजते ते सांगण्यासारखे आहे. हुद्द्याचे आडनाव एवढेच सांगते की, या घराण्यातील कोणी एके काळी अमुक काम करीत होता आणि ते काम देणारे राज्य त्या कामाला अमुक नावाने ओळखत होते.

१९५० च्या मुंबई राज्यातील कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. बेळगाव व धारवाड हे जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. १९५६ च्या पुनर्रचनेत ते निराळे झाले. काम गेले, वतन गेले, राज्यही बदलले, नाव राहिले.

‘कर’ या अंत्यपदाची कथा याहून वेगळी आहे. ते संस्कृत ‘कर’ म्हणजे करणारा, की प्राकृतातील षष्ठीदर्शक ‘केर’ याचा अवशेष, यावर विद्वानांत दोन मते आहेत. अर्थाच्या दृष्टीने दुसरे मत मला अधिक पटते. बोरकर बोरी गाव ‘करीत’ नाहीत, ते बोरीचे असतात. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. गावात राहणाराला त्याच गावचे ‘कर’ कोणी म्हणत नाही. बोरी सोडून पणजीस अथवा मुंबईस गेल्यावरच माणूस बोरकर होतो. म्हणून ‘कर’ लावलेले प्रत्येक आडनाव ही एका स्थलांतराची नोंद आहे, आणि आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांना तिचे मोल अधिक. कानडीत याच्या उलट गावाचे नाव जसेच्या तसे लावतात : गंगूबाई हानगल, मल्लिकार्जुन मन्सूर.

इंदूरच्या होळकरांचे ‘होळ’ हे नीरेकाठचे गाव. हिंदी मुलखात ‘ळ’ हे अक्षर नसल्यामुळे ते तेथे ‘होलकर’ झाले, जसे टिळकांचे ‘तिलक’ झाले. काळ्यांचे काले, केळकरांचे केलकर, हे इंदूर-ग्वाल्हेरच्या शाळांतील हजेरीपटांत नित्याचेच आहे, आणि दोन पिढ्यांनी घरचे लोकही तसेच लिहू लागतात. येथे शिक्षकबंधूंना एक विनंती करावीशी वाटते. नाव दाखल करताना पालकाला ते एकदा मोठ्याने उच्चारावयास सांगावे. ‘ळ’ गेला की गाव हरवते. गोव्यात हेच रोमी लिपीने केले : पोर्तुगीज दप्तरांत प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले, कामतांचे ‘कामोतीं’, शेणव्यांचे ‘सिनाय’. १९६१ नंतर अनेकांनी मूळ रूपे परत घेतली. तेथे १९९० साली नाव व आडनाव बदलण्याचा स्वतंत्र कायदाही झाला. काहींनी मात्र जुनीच रूपे ठेवली आहेत, आणि तीही आता त्यांचीच झाली आहेत.

वडोद्याच्या गायकवाडांची व्युत्पत्ती ‘गाय’ आणि ‘कवाड’ अशी सांगतात. कत्तलीस नेल्या जाणाऱ्या गाईंना पूर्वजाने गडाच्या कवाडातून आत घेतले म्हणून. कथा सुंदर आहे. परंतु अशा कथा बहुधा आडनावानंतर जन्मतात, आधी नव्हे, हे विसरू नये.

त्या विद्यार्थ्याने पुढे एके दिवशी घरच्या पेटीतील एक जीर्ण कागद आणून दाखविला. हिशेबाचा मजकूर मोडी मराठीत होता; त्या भागातील गावदप्तरे पेशवाईत आणि पुढेही काही काळ तशीच लिहिली जात. शेवटी लिहिणाराचे नाव, बापाचे नाव आणि ‘कुळकर्णी मौजे मजकूर’ एवढेच होते. त्याखाली, बहुधा सवयीने, त्याच हाताची कानडी सही होती. मुलाने तो कागद माझ्या टेबलावर उलगडून ठेवला आणि मला दोन्ही अक्षरे वाचून दाखवावयास सांगितली. मोडी मी वाचली, कानडी त्याने.