केमोथेरपी सुरू असताना अंगाला खाज का सुटते? घरचे उपाय कधी पुरतात आणि हॉस्पिटल कधी गाठायचं?

केमोथेरपी म्हटलं की केस गळणं आणि उलट्या हे दोन त्रास सगळ्यांना ठाऊक असतात. पण उपचार सुरू झाल्यावर अनेक रुग्णांची झोप उडवते ती अंगाची खाज.

कॅन्सरसारख्या आजारापुढे खाजेचं काय सांगायचं, असं वाटून बरेच जण ती डॉक्टरांच्या कानावर घालतच नाहीत. सांगितलं तर केमो थांबवतील, अशीही काहींना भीती असते. मग कुणी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मलम आणतं, तर कुणी कडुलिंबाचा पाला वाटून लावतं.

अडचण अशी की, केमोच्या काळातली सगळी खाज सारखी नसते. ती नुसत्या कोरड्या त्वचेमुळे असू शकते आणि काही मिनिटांत जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीची पहिली खूणही असू शकते. फरक ओळखायला दोन प्रश्न कामाला येतात. खाज केव्हा सुरू झाली? आणि तिच्यासोबत आणखी काय होतंय?

केमोचा त्वचेवर परिणाम का होतो?

कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात. केमोची बहुतेक औषधं अशा वेगानं विभागणाऱ्या पेशींना लक्ष्य करतात. पण शरीरातल्या काही निरोगी पेशीही वेगानं विभागतात. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्यांचं अस्तर, रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा आणि त्वचा यांच्या पेशी तशाच असतात.

म्हणूनच केस गळणं, तोंड येणं, जुलाब, रक्तपेशी कमी होणं आणि त्वचा कोरडी पडणं हे सगळे त्रास एकाच मुळातून येतात. त्वचेचं वरचं आवरण कमजोर झालं की तिच्यातला ओलावा टिकत नाही. ती खरखरीत होते, ओढल्यासारखी वाटते आणि खाजते.

सलाईन सुरू असतानाच खाज सुटली तर?

ही खाज अंगावर काढायची नसते. औषध शरीरात जात असताना खाज, अंगावर गांधी, चेहरा लाल होणं, छातीत दडपण, धाप लागणं, घसा आवळल्यासारखं वाटणं किंवा चक्कर यांपैकी काहीही जाणवलं, तर त्या क्षणी नर्सना सांगायला हवं.

पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल या औषधांची अशी रिॲक्शन बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या डोसला, सलाईन सुरू झाल्यावर थोड्याच मिनिटांत येते. ती टाळण्यासाठीच आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शन दिलं जातं.

कार्बोप्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन यांचं बरेचदा उलट असतं. आधीचे कित्येक डोस काहीही न होता पार पडतात आणि नंतरच्या एखाद्या डोसला ॲलर्जी उभी राहते. कार्बोप्लॅटिनच्या वेळी तळहात आणि तळपाय खाजायला लागणं ही तिची नेहमीची सुरुवात आहे. त्यामुळे ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ हा भरवसा इथे चालत नाही.

सलाईन वेळीच थांबवलं तर बहुतेक रिॲक्शन आटोक्यात येतात. त्रास सौम्य असेल तर तेच औषध पुन्हा सावकाश देता येतं. गंभीर असेल तर डॉक्टर दुसरा पर्याय निवडतात.

आणखी एक अनुभव रुग्णांना संकोचात टाकतो. केमोआधीचं डेक्सामेथासोन हे इंजेक्शन भरभर दिलं, तर जननेंद्रियाच्या आसपास अचानक खाज किंवा झिणझिण्या येतात. हा त्या औषधाचा माहितीतला परिणाम आहे आणि तो थोड्याच वेळात ओसरतो. नर्सना सांगितल्यास पुढच्या वेळी तेच इंजेक्शन हळू देता येतं.

सुई टोचलेल्या जागी आग, सूज किंवा दुखणं सुरू झालं, तर तेही लगेच सांगावं. डॉक्सोरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन यांसारखी औषधं शिरेबाहेर झिरपली तर तिथली त्वचा खराब होऊ शकते.

घरी गेल्यावर सुरू होणारी खाज

घरी आल्यावर काही दिवसांनी सुरू होणाऱ्या खाजेची कारणं वेगवेगळी असतात. ती साधारण अशी ओळखता येतात:

- अंगभर कोरडेपणा, पण पुरळ नाही: बहुतेक वेळा त्वचा कोरडी पडलेली असते. घरच्या काळजीनं आराम पडतो.
- तळहात-तळपाय लाल होणं, आग होणं, साल निघणं: कॅपेसिटॅबिन, फाइव्ह-एफयू, डोसिटॅक्सेल अशा औषधांनी हे होतं. कॅपेसिटॅबिनच्या गोळ्या घरीच घ्यायच्या असतात. त्यामुळे दुखणं वाढलं किंवा फोड आले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.
- चेहरा, छाती, पाठ यांवर मुरुमांसारखे फोड: सेटुक्सिमॅब, एर्लोटिनिब यांसारख्या टार्गेटेड औषधांनी ते येतात. ते मुरूम नसतात. मुरुमांच्या क्रीमनं त्वचा आणखी कोरडी पडते.
- इम्युनोथेरपीनंतर पुरळ आणि खाज: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटल्यामुळे हे होऊ शकतं. उपचार संपून काही महिने झाले असले, तरी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायला हवं.
- डोळे पिवळे, लघवी गडद आणि अंगभर खाज: ही काविळीची लक्षणं आहेत. यकृताची तपासणी लगेच करून घ्यावी.
- शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाणीदार फोड आणि आग: ही नागीण असू शकते. प्रतिकारशक्ती कमी असताना ती उफाळते. तिचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हा समज खोटा आहे. पण लेप लावत बसण्यात वेळ घालवणं घातक ठरू शकतं. विषाणूविरोधी गोळ्या शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात.

तळहातांच्या त्रासाबद्दल भारतातलंच एक संशोधन महत्त्वाचं आहे. दिल्लीच्या एम्समध्ये कॅपेसिटॅबिन घेणाऱ्या २६४ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हातांना दिवसातून दोनदा १ टक्का डायक्लोफिनॅक जेल लावणाऱ्यांमध्ये मध्यम ते तीव्र त्रास सुमारे ४ टक्के जणांना झाला. औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. हे जेल स्वस्त आणि सहज मिळणारं आहे, पण डॉक्टरांना विचारूनच वापरावं. त्वचा फुटली असेल तर ते लावू नये.

कोरड्या त्वचेसाठी घरी काय करावं?

- कढत पाण्याऐवजी कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ करावी. सौम्य, बिनवासाचा साबण वापरावा.
- अंग खसाखसा पुसू नये, टॉवेलनं टिपून घ्यावं. त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावावी. दिवसातून दोन-तीन वेळा लावल्यास गुण दिसतो.
- सैल सुती कपडे घालावेत. ते धुताना साबणाचा अंश राहू देऊ नये.
- नखं कापलेली ठेवावीत. खाजवल्यानं जखम झाली, तर तिथून जंतू आत शिरतात आणि केमोच्या काळात त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असतात.
- खाज असह्य झाली तर खाजवण्याऐवजी ओलं थंड फडकं ठेवावं. ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांनी मात्र हे टाळावं, कारण त्या औषधानं थंड स्पर्श सहन होत नाही.
- तळहात-तळपायांना त्रास असेल तर भांडी घासणं, कपडे पिळणं, अनवाणी चालणं आणि घट्ट चपला टाळाव्यात.
- उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी किंवा स्कार्फ वापरावा.

उटणं, लिंबू, अँटिसेप्टिक टाकलेलं आंघोळीचं पाणी आणि घासणी या काळात नको. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीविरोधी औषध यांचं मिश्रण असलेली मलमंही चिठ्ठीशिवाय आणू नयेत. त्यांनी खाज तात्पुरती थांबते, पण खालचा संसर्ग झाकला जातो. खाजेची गोळीसुद्धा विचारूनच घ्यावी. तिनं झोप येते, पण कोरडेपणा जात नाही.

खाजेपेक्षा तातडीचा त्रास: ताप

पांढऱ्या पेशी बहुतेक औषधांच्या डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत सगळ्यांत कमी होतात. गावाहून मुंबई-पुण्याला येऊन केमो घेणारा रुग्ण तोवर घरी परतलेला असतो. म्हणून थर्मामीटर घरात असायलाच हवा.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. आधी हॉस्पिटलला फोन करावा. परस्पर पॅरासिटामॉल घेतल्यास ताप उतरतो, पण संसर्ग आत वाढत राहतो. मोठं हॉस्पिटल लांब असेल तर जवळच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन ‘केमो सुरू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं आणि उपचारांची फाइल दाखवावी.

इतर नेहमीच्या त्रासांबद्दल थोडक्यात:

- उलट्या: मळमळ वाढण्याची वाट न पाहता गोळ्या सांगितलेल्या वेळीच घ्याव्यात. ओंडान्सेट्रॉननं बद्धकोष्ठता होऊ शकते. तीही डॉक्टरांना सांगावी.
- तोंड येणं: मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात. तिखट आणि गरम पदार्थ टाळावेत. पाणीही गिळता येत नसेल तर हॉस्पिटल गाठावं.
- हातापायांना मुंग्या, बधिरपणा: शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, अशा खुणा पुढच्या डोसआधी सांगाव्यात.
- लाल लघवी: डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस ती औषधाच्या रंगामुळे दिसते. त्यानंतरही टिकली तर तपासून घ्यावी.

सांगितलं तर केमो बंद होईल का?

बहुतेक वेळा नाही. डोस थोडा कमी करणं, काही दिवस पुढे ढकलणं, सलाईनचा वेग कमी करणं, सोबत दुसरं औषध देणं असे अनेक मार्ग डॉक्टरांकडे असतात. उलट त्रास लपवून तो हाताबाहेर गेला, तर उपचार थांबवण्याची वेळ येते.

ओपीडीत नंबर येईपर्यंत पुरळ ओसरलेलं असतं. त्यामुळे दिसताक्षणी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. केमोनंतर कितव्या दिवशी खाज सुरू झाली, कुठे आणि किती वेळ होती, हे वहीत लिहावं. सुरू असलेल्या सगळ्या औषधांची नावंही त्याच वहीत असावीत, आयुर्वेदिक काढे आणि घरगुती चूर्णंसुद्धा. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांसमोर ठेवली, तर डोस ठरवण्यापूर्वीच त्यांना निम्मं उत्तर मिळालेलं असतं.